मृगापासून मृगापर्यंत एकच झाड : ट्रेल कॅमेऱ्यावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्या जांबोटीकडच्या (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) काजूबागेत, ओहोळाच्या काठाला लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्याबद्दल लिहिलं होतं आणि त्यात एक गोष्ट जरा जोर देऊन सांगितली होती, की कॅमेरा सारखा इकडून तिकडं हलवू नका, एक जागा धरा आणि मृगापासून मृगापर्यंत तो तिथंच राहू द्या. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. कुणी भांडलंय, कुणी फोटो पाठवून "हे काय आहे सांगा" म्हटलंय, आणि एका काकांनी तर पन्नास काळे चौकोन पाठवलेत (काका, लेन्सवरची प्लास्टिकची पट्टी काढायची असते).

ज्यांनी गेला अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, ट्रेल कॅमेरा म्हंजे झाडाला पट्ट्यानं आवळायचा जेवणाच्या डब्याएवढा डबा, समोरून गरम अंगाचं काही गेलं की तो आपोआप फोटो नाहीतर व्हिडिओ काढतो, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात. फॉरेस्टवाले त्यालाच कॅमेरा ट्रॅप म्हणतात.

"दादा, तुमचं वाचून ऑनलाइन कॅमेरा मागवला, साडेआठ हजार गेले. बांधावरच्या आंब्याला बांधला, चार दिवसांनी कार्ड काढलं तर चौदाशे बारा फोटो, सगळ्यात गवत, आणि एका फोटोत आमचीच म्हैस. घरात सगळे हसूलालेत. परत पाठवू का?"
– शेतकरी, बैलूर

परत पाठवू नका, म्हैस आली म्हंजे कॅमेरा ठणठणीत आहे. काय होतं बघा, त्याच्या आतल्या सेन्सरला दिसत काहीच नाही, त्याला फक्त समोरच्या ऊबेतला फरक कळतो. समोरची जागा त्यानं पंख्याच्या पात्यांसारखी वाटून घेतलेली असते आणि एका पात्यातनं दुसऱ्या पात्यात ऊब सरकली की त्याला वाटतं कोण तरी गेलं, आणि दुपारी उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं डुललं तरी त्याला तेच वाटतं. त्यात तुम्ही आंब्याच्या बारक्या फांदीला बांधला असणार, म्हंजे गवत हलतंय आणि कॅमेरा पण हलतोय.

तर पहिलं म्हंजे मांडीएवढ्या जाडीचं खोड निवडा. तोंड उत्तरेला नाहीतर दक्षिणेला करा, पूर्वेला केलंत तर सकाळी आणि पश्चिमेला केलंत तर संध्याकाळी सूर्य थेट तोंडावर येतो, फोटो पांढरे होतात आणि फुकटचे ट्रिगर पण होतात, आणि जनावरं नेमकी त्याच वेळेला फिरतात. समोरचं चार-पाच पावलांचं गवत विळ्यानं साफ करा आणि दर पंधरा दिवसांनी परत करा, पावसाळ्यात तर आठ दिवसांनी, कारण आपल्याकडचं गवत म्हंजे तुम्हाला सांगायला नकोच.

उंची गुडघ्याएवढी ठेवा. लोक छातीएवढ्या उंचीवर बांधतात, मग गव्याची पाठ येते आणि पिसोरी खालून निघून जाते, ते हरीण उभं राहिलं तरी आपल्या गुडघ्याच्या खालीच असतं. आणि कॅमेरा वाटेला अगदी काटकोनात नको, जनावर सुटकन पार होतं आणि फोटोत नुसती शेपूट राहते, वाटेच्या तोंडावर सरळ पण नको, कारण समोरून सरळ चालत येणाऱ्याची ऊब आडवी सरकत नाही आणि सेन्सरला उशिरा कळतं. जरा तिरपा लावा.

बांधून झालं की स्वतः समोरून रांगत जाऊन बघायचं, खोटं नाही सांगत, हीच खरी टेस्ट आहे, कारण उभा माणूस कुठंही पकडला जातो, पिसोरीच्या उंचीवरचं सापडतंय का ते रांगल्याशिवाय कळत नाही. माझ्या कार्डावरचा पहिला प्राणी मीच आहे, चार पायांवर, लुंगी खोचलेली. आमच्या हिनं तो फोटो जपून ठेवलाय.

आणि घरातल्यांना सांगा, 2018 च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, त्यात साधारण 3 कोटी 48 लाख फोटो आले आणि वाघाचे निघाले 76,651. म्हंजे साडेचारशे फोटोंमागं एक वाघ, आणि ती माणसं शिकलेली होती. चौदाशेत एक म्हैस काही वाईट नाही.

"सर, शाळेमागच्या डोंगराला लागून एका पालकांचं शेत आहे, तिथं मुलांचा वर्षभराचा प्रकल्प करायचाय. पण तुम्ही म्हणता एकाच जागी ठेवा, एकाच जागी वर्षभर वेगळं काय दिसणार? तीच डुकरं, तीच वानरं. मुलं कंटाळतील."
– शिक्षिका, नंदगड

बाई, मला पण पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं आणि मी कॅमेरा आठ वेळा हलवला. हाताला काय लागलं तर पंचवीस-तीस चांगले फोटो, आणि त्यातनं कळलं काहीच नाही, कारण नवीन जागी गवा आला तर तो जागेमुळं आला की महिन्यामुळं आला हे सांगणार कसं. दुसऱ्या वर्षी एका ऐनाच्या झाडाला बांधला तो बांधलाच. समोर ओहोळ आहे, पलीकडं जायला दगडांतनं हातभर रुंद वाट आहे आणि सगळ्यांना तिथूनच जावं लागतं. आता त्या ऐनासमोरचं वर्ष सांगतो, मुलांना वाचून दाखवा हवं तर.

मेच्या शेवटापर्यंत तिथं बाजार भरल्यासारखी गर्दी असते. मृग लागला, दोन-चार चांगल्या सरी झाल्या की आठवड्याभरात सगळं गायब. मी पहिल्यांदा घाबरलो, म्हटलं शिकार झाली की काय. तसलं काही नव्हतं, सगळ्या रानात पाणी झाल्यावर माझ्या ओहोळाला कोण विचारतंय! आर्द्रात तर कॅमेरा नुसता पाऊस आणि धुकं टिपतो. ओहोळात खेकडे, बेडूक, सापांची चैन चालू असते पण ती फोटोत येत नाहीत, त्यांचं अंग भोवतालच्या हवेएवढंच गार असतं, सेन्सरच्या लेखी ते नाहीतच. हे मुलांना जरूर सांगा, फोटोत नाही म्हंजे रानात नाही असं नसतं.

पण याच दिवसात सांबर बघा. उन्हाळ्यात बहुतेक नरांची शिंगं गळून पडलेली असतात आणि पावसाळ्यात नवी फुटतात, वर मखमलीचं कातडं, टोकं बोथट, एखाद्यानं काठ्यांना मोजे घातल्यासारखी. तोच नर नोव्हेंबरात येतो तेव्हा मखमल घासून गेलेली, शिंगं कडक, टोकं चकचकीत, मानेला केस आणि अंगभर चिखल थापलेला, कारण तेव्हा त्यांचा माजाचा काळ असतो. मोराचं उलटं. पावसाच्या सुरुवातीला पिसारा घेऊन मिरवणारा मोर गणपतीच्या आसपास असा येतो की लांडोर म्हणून खपेल, पिसं सगळी गळून गेलेली. एकाच दगडावरचे जूनचे आणि सप्टेंबरचे दोन फोटो शेजारी लावा, एकही मूल कंटाळणार नाही.

हस्ताचा पाऊस सरला आणि भात पोटऱ्यात आलं की डुकरांचं टाइमटेबल लागतं. माझ्याकडं गेल्या ऑक्टोबरात 31 पैकी 22 रात्री डुकरं आली आणि बहुतेक वेळा जाताना रात्री दहा ते साडेअकरा, परतताना पहाटे चार-साडेचार. खाली शेतात माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला मी ही वेळ दाखवली, तो म्हणाला म्हंजे मी आठ वाजल्यापासून घसा कोरडा करतोय तो कुणासाठी! आता तो दहाला जातो. भात कापून झालं आणि त्या आठवड्यात डुकरं बंद. एवढं साधं गणित, पण कॅमेरा हलवला असता तर मला ते कधीच दिसलं नसतं.

डिसेंबरात एकदा सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी कोळसुंदे गेले, सात, एकामागं एक, शाळेची पोरं लायनीत जातात तसे. कोळसुंदा म्हंजे रानकुत्रा, तो बहुतेक दिवसाच शिकारीला फिरतो. त्यानंतर भेकर अकरा दिवस त्या वाटेला फिरकलं नाही. कोळसुंद्यांमुळंच का? मला तसं वाटतं, पण एकदाच घडलंय म्हणून वहीत पेन्सिलीनं लिहिलंय.

जानेवारी-फेब्रुवारी जरा कंटाळ्याचे, ते लपवत नाही. ऐनाची पानं गळतात, ऊन थेट खाली येतं, परत फुकटचे फोटो वाढतात.

मग शिमगा झाला की मजा. ओहोळ आटत आटत तीन घागरींचा डबरा उरतो आणि सगळं रान त्यावर येतं. रानकोंबडा पहाटे, भेकर दुपारी सुद्धा, गव्यांचा कळप संध्याकाळी, त्यांचे ते पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आधी दिसतात आणि मग वरचा डोंगर. करवंदं, जांभळं, फणस पिकायला लागले की अस्वल. मागच्या मेमध्ये अस्वलीण पाठीवर दोन पिल्लं घेऊन आली, एक पिल्लू पुढं तोंड करून आणि एक मागं, जसं बसमध्ये उलट्या सीटवर बसल्यासारखं. डबऱ्यात आधी फुंकर मारली, मग प्याली. अस्वलाची विष्ठा सापडली तर मुलांना काठीनं उकलून बघू द्या, जांभळाच्या बिया मोजता येतात, पण तुम्ही सोबत असतानाच आणि उन्हं वर आल्यावर, कारण अस्वल अचानक समोर आलं की पळत नाही, अंगावर येतं.

कॅमेऱ्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा, एप्रिल-मेच्या दुपारी हवाच जनावराच्या अंगाएवढी तापते, मग सेन्सरला फरक कळत नाही आणि समोरून गवा गेला तरी फोटो येत नाही. त्यामुळं उन्हाळ्यात दुपारी कोण फिरत नाही असा निष्कर्ष पोरांनी काढला तर तो कॅमेऱ्याचा निष्कर्ष आहे, रानाचा नाही.

एक वही करायला लावा. तारीख, वेळ, कोण, किती, आणि काहीच आलं नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, ते शून्य सगळ्यात महत्त्वाचं, पोरं तेच गाळतात. नावं मराठीत आणि कन्नडात दोन्ही लिहू द्या, अस्वलाला करडी, बिबट्याला चिरते, गव्याला काडुकोण. आपल्या भागातल्या पोरांना हे फुकटात मिळतं, सोडायचं कशाला.

"सर, मी बीएस्सी झूलॉजीला आहे. भीमगडच्या जंगलात ब्लॅक पँथर आहे असं ऐकलंय. मित्राकडं दोन कॅमेरे आहेत, पावसाळा संपला की आम्ही गुपचूप जाऊन लावणार आहे. कुठली जागा सांगाल?"
– विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

अरे बाबा, गुपचूप जाणार आणि मासिकाला पत्र लिहून सांगणार!

जागा सांगणार नाही. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, 190 चौरस किलोमीटर, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं आत जायलाच परवाना लागतो, कॅमेरा लावणं तर लांबच. अभ्यासासाठी आणि फोटोसाठी परवाना मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे, पण तो असा शनिवारी मागून रविवारी मिळत नाही. तुमच्या विभागप्रमुखांच्या सहीनं, काय अभ्यास करायचाय, किती दिवस, किती कॅमेरे हे लिहून अर्ज करा, आणि माझा सल्ला ऐकशील तर अर्ज कन्नडमध्ये कर. भाषेवरनं ताणायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत, फॉरेस्टच्या टेबलावर आपला कागद लवकर वाचला जावा एवढंच आपलं काम. आणि आत नियमानं फॉरेस्टचे स्वतःचे कॅमेरे लागतात, त्यात तुझं तोंड आलं तर पँथरच्या आधी तूच सापडशील.

शिवाय ते जंगल फक्त पँथरचं नाही. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे कित्येक वर्षं जगात फक्त तिथलंच माहीत होतं. गुहेत टॉर्च मारत शिरणारी हौशी मंडळी त्याला नको आहेत.

आता पँथरबद्दल. ब्लॅक पँथर म्हंजे वेगळी जात नाही, बिबट्याच, रंगद्रव्य जास्त झालेला, शेजारच्या, काळी नदीच्या नावाच्या व्याघ्र प्रकल्पात तो दिसतो. मजा अशी की दिवसा तो डांबरासारखा काळा दिसतो पण रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत त्याच्या अंगावरचे ठिपके उमटून दिसतात, त्यामुळं कुठला काळा बिबट्या कोण हे ओळखायला रात्रीचाच फोटो बरा.

हे ओळखण्याचं शास्त्र तुझ्या कामाचं आहे, ते वाच. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. 1920 च्या दशकात उत्तर भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी वाटेवर तार बांधून ठेवायचा, वाघाचा पाय लागला की फ्लॅश पेटायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. पुढं 1990 च्या दशकात आपल्याच कर्नाटकात, नागरहोळ्यात, डॉ. उल्लास कारंतांनी पट्ट्यांवरनं एकेक वाघ ओळखून, तो परत किती वेळा सापडतो त्यावरनं संख्या काढायची पद्धत बसवली. कन्नड लेखक शिवराम कारंत, ज्ञानपीठवाले, त्यांचे हे चिरंजीव. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लागतो. तुझ्या मित्राकडचे दोन कॅमेरे म्हंजे अशी एकच जागा झाली, समजलं?

तोवर गावाकडं कुणाची मालकीची जमीन असेल तर तिथं लाव आणि उदमांजरापासून सुरुवात कर.

"आमचा पाच एकर ऊस आहे. बिबट्याची चर्चा आहे, दोन कुत्री गेली. थ्री फेज रात्रीची येते म्हणून रात्री दोनला पाणी सोडायला मालकांना जावं लागतं, मला झोप लागत नाही. कॅमेरा लावला तर बिबट्या आलाय हे कळेल का?"
– गृहिणी, उचगाव भाग

ताई, खरं सांगतो, कॅमेरा काल काय झालं ते सांगतो, आत्ता उसात कोण आहे ते नाही. सिमकार्डवाले कॅमेरे येतात, मोबाइलवर फोटो पाठवतात, पण शेतात रेंज पायजे, आणि फोटो आला नाही म्हंजे बिबट्या नाही असं समजून मालक बिनधास्त गेले तर ते जास्त धोक्याचं. तो बांधाच्या ज्या बाजूनं आला तिकडं कॅमेरा असेलच असं नाही.

कॅमेऱ्याचा उपयोग आहे तो दुसऱ्या कामाला. पंधरा दिवस बांधाच्या कोपऱ्यावर लावा, मुळात बिबट्या आहे का तरस का रानमांजर का नुसतं मोठं कुत्रं हे तरी ठरेल, माझ्याकडं "बिबट्या" म्हणून आलेल्या फोटोंत निम्मी तर रानमांजरं असतात. खरंच बिबट्या निघाला तर कुठल्या वाटेनं आणि किती वाजता ते कळतं, तो फोटो घेऊन फॉरेस्टच्या ऑफिसात जा, नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा फोटोला वजन असतं.

मालकांना एकटं पाठवू नका. दोघं जा, मोठी टॉर्च, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा नाहीतर बोलत जा, बिबट्याला माणूस येतोय हे लांबनं कळलं की तो बाजूला होतो, अडचण होते ती दोघं एकमेकांवर अचानक आदळल्यावर. मोटारीपाशी वाकून, उकिडवं बसून काम करताना दुसऱ्यानं उभं राहून टॉर्च फिरवत राहायचं. आणि उसतोडीला पिल्लं सापडली तर कुणीही उचलून घरी आणू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका, त्या सरीतली तोड थांबवा, फॉरेस्टला कळवा, आई बहुतेक वेळा रात्रीत येऊन घेऊन जाते.

2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या बाजूला बिबट्या आला तेव्हाचं आठवत असेल, शाळा बंद, हत्ती सुद्धा आणले शोधायला, कॅमेरे लावले, आणि तो काही हाती लागला नाही. शहराच्या मधोमध एवढ्या माणसांना जो चुकवू शकतो तो तुमच्या पाच एकर उसात सहज बसेल. म्हणून म्हणतो, भरवसा कॅमेऱ्यावर नको, सोबतीवर ठेवा. आणि दिवसाची थ्री फेज मागायला तुमचं सगळं गाव जाणार असेल तर मी पण येतो.

"आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वॉटरप्रूफ लिहिलेला कॅमेरा जुलैत मेला. काय करायचं?"
– किराणा दुकानदार, कणकुंबी

वॉटरप्रूफ लिहिणाऱ्यानं कणकुंबी बघितलेली नाही. तिथं पाऊस वरनं पडत नाही, चारी बाजूंनी आत येतो.

माझे पण दोन गेले. पहिला दमटपणानं, दुसऱ्यात मुंग्यांनी घर केलं, उघडला तर अंडी सेलच्या खाचांत, एकदम व्यवस्थित ओळीत. ज्यानं विकला तो दुकानदार म्हणाला मुंग्या वॉरंटीत येत नाहीत. तेव्हापासून झाकणाच्या रबराला थोडं ग्रीस लावतो, आत औषधाच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतो आणि महिन्यानं बदलतो, पट्ट्याला पण ग्रीसचं बोट फिरवतो म्हंजे मुंग्या चढत नाहीत. वरनं एक बारकं इरलं बांधलंय, लावणीला बायका घेतात तसंच, फक्त वीतभर, बुरुडाकडनं करून घेतलं, साठ रुपये. लेन्सवर थेंब येत नाही आणि वानरांना पण ते आवडलेलं दिसतंय, दोनदा पळवून नेलं.

सेल रिचार्जेबल घालत असाल तर एक बघा, ते 1.2 व्होल्टचे असतात आणि साधे 1.5 चे, काही कॅमेरे कमी व्होल्टवर दिवसा नीट चालतात पण रात्री इन्फ्रारेड पेटवताना दम टाकतात, मग लोकांना वाटतं रात्री जनावरंच येत नाहीत. लिथियमचे महाग पडतात पण पावसाळाभर तेच घाला, सारखं उघडावं लागत नाही, आणि जितक्यांदा उघडाल तितकी दमट हवा आत. इन्फ्रारेडचे पण दोन प्रकार येतात, एकात दिवे जरासे लाल दिसतात आणि उजेड लांब जातो, दुसऱ्यात काहीच दिसत नाही पण फोटो जरा मळकट येतो. धुक्यात दोन्ही सारखेच निरुपयोगी, पांढरी भिंत दिसते.

आणि सेल बदलल्यावर घड्याळ बघा!! मी एकदा विसरलो, कॅमेरा परत 1 जानेवारीपासून मोजायला लागला, सगळ्या श्रावणाचे फोटो जानेवारीच्या तारखेनं, भर दुपारी मध्यरात्र. ते आकडे बोंबलले. आता नवीन सेल घातले की हातातलं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो काढतो, मागून कधी शंका आली तर हिशेब लावता येतो.

"फोटो पाठवतोय. मांजरागत आहे, शेपटी लांब, पट्टे. बिबट्याचं पिल्लू आहे काय?"
– लोंढा

नाही. शेपटीला काळी-पांढरी कडी आहेत आणि पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, जमिनीवरनं निवांत चाललंय, म्हंजे जवादी मांजर. शेपटीला कडी नसती, तोंडावर काळसर मुखवटा असता आणि झाडावर चढताना दिसलं असतं तर उदमांजर, ज्याला आपल्याकडं कांडेचोर पण म्हणतात.

पण तुमच्या त्याच कार्डातला चौथा फोटो बघितला का? कोपऱ्यात फणसासारखी खवल्यांची पाठ दिसतेय, ते खवले मांजर आहे. अभिनंदन, आणि आता ऐका, तो फोटो स्टेटसला टाकू नका, कुठलं शेत, कुठली वाट हे कुणाला सांगू नका, अगदी पाहुण्यांना पण नाही. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार चालते आणि शिकाऱ्याला फक्त ठिकाण हवं असतं. कॅमेऱ्याचे फोटो मोबाइलनं स्क्रीनवरनं काढून पाठवता तेव्हा मोबाइल त्यात जागेची नोंद घालू शकतो, ते लोकेशन बंद करा. मी पण तुमच्या गावाचं नाव काढून नुसतं लोंढा लिहिलंय.

"तुम्ही हौसेनं कॅमेरे लावता, पण आम्ही बायका पहाटे सरपणाला, शेणाला, बाहेरच्या कामाला त्याच वाटांनी जातो. झाडाला डबा दिसला की आमची पंचाईत होते. आमचे फोटो कोण बघतं, कुठं जातात? याचं उत्तर छापा."
– हेम्माडगा बाजूची एक वाचक

ताई, छापतो. सगळ्या पत्रांत हेच पत्र मी दोनदा वाचलं.

मालकीच्या जमिनीत कॅमेरा लावायला कुणाची परवानगी लागत नाही हे खरं, पण वाट मालकीची असली तरी त्यावरनं जाणारं माणूस मालकीचं नाही. कॅमेरा लावणाऱ्यांनी आधी वाडीत जाऊन सांगायचं, आणि पुरुषांना सांगून भागत नाही, बायकांना विचारायचं की तुमची वाट कुठली, आडोसा कुठला, आणि ती जागा सोडून द्यायची, मग तिथं वाघ रोज का येईना. बाजूला पाटी लावायची, मराठीत आणि कन्नडात. माणसाचा फोटो आला तर तो कुणाला न दाखवता तिथल्या तिथं उडवायचा, त्यावर चेष्टा नाही, ग्रुपवर नाही. तुमच्या वाटेवर असा डबा दिसला आणि कुणी विचारलेलं नसेल तर पंचायतीत सांगा, जंगलाच्या हद्दीत असेल तर गार्डला विचारा कुणाचा आहे, विचारायचा तुमचा हक्क आहे.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. दोन वर्षांमागं एप्रिलात त्या ऐनावरच्या कॅमेऱ्यात पहाटे पावणेसहाला आमच्या शेजारच्या आजी आल्या, ओच्यात माझ्याच बागेतल्या काजूबिया वेचलेल्या. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्यांना झाडावरचा डबा दिसला असावा, कारण त्या फोटोत त्या थेट कॅमेऱ्याकडं बघतायत, एक हात ओच्यावर. त्यांचा तो चेहरा बघून मलाच चोरी केल्यासारखं झालं. तिन्ही फोटो उडवले, घरात सुद्धा बोललो नाही, आणि त्याच संध्याकाळी कॅमेरा सोडून ओहोळाच्या वरच्या अंगाला तीस पावलांवर दुसऱ्या ऐनाला बांधला. आठवड्यानं आजींकडनं फणसाची भाजी आली, नातवाच्या हातानं, निरोप काहीच नाही.

त्यामुळं एकच झाड, मृग ते मृग, असं मी सगळ्यांना सांगत असलो तरी माझी त्या वर्षीची वही 11 एप्रिलला तुटलेली आहे. तिथं "जागा बदलली" एवढंच लिहिलंय, कारण लिहिलेलं नाही.